कैद, अटक, कोठडी, डांबणं : ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदीच्या शेजारात राहून मराठी लिहिताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा. एखाद्याला बंदिस्त करण्याचे शब्द त्यातलेच. कोर्टाचा कागद घरच्यांना मराठीत समजावून सांगायचा असो, स्मरणिकेसाठी किल्ल्यावर लेख लिहायचा असो की नातवाचा निबंध तपासायचा असो, ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांतून हेच प्रश्न येत राहतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

‘कैद करणे’ याला समानार्थी शब्द कोणते? कोणताही वापरला तर चालतो का?

शब्द पुष्कळ आहेत. अटक करणे, ताब्यात घेणे, कोठडीत ठेवणे, तुरुंगात टाकणे, स्थानबद्ध करणे, नजरकैदेत ठेवणे, डांबणे, कोंडणे, जेरबंद करणे, गजाआड करणे, बंदिवासात ठेवणे, ओलीस धरणे. पाठ्यपुस्तकात हे सगळे एका ओळीत बसवतात आणि मुलं ती ओळ पाठ करतात. पण एकाच्या जागी दुसरा सहज बसत नाही. कोणी बंद केलं, कोणत्या अधिकारात केलं आणि सांगणाऱ्याला त्याबद्दल काय वाटतं, हे मराठीत क्रियापदच सांगून टाकतं.

‘पोलिसांनी त्याला अटक केली’ ही कोरी माहिती झाली. ‘पोलिसांनी त्याला डांबलं’ म्हटलं की सांगणारा पोलिसांच्या बाजूचा नाही हे कळलं. ‘अखेर गजाआड’ असं लिहिणाऱ्या बातमीदाराला ही कारवाई हवीच होती. आणि ‘त्याला आत टाकलाय’ ही गल्लीतली भाषा. घटना एकच आहे, पण शब्द बदलला की साक्ष बदलते. म्हणून एका शब्दाचा कंटाळा आला म्हणून दुसरा घातला, असं या शब्दांच्या बाबतीत करू नये.

अटक करणे, ताब्यात घेणे आणि कैद करणे यांत नेमका फरक काय?

‘ताब्यात घेतलं’ म्हणजे माणूस पोलिसांच्या हाती आहे, चौकशी चालू आहे, पण अटकेची नोंद झालीच आहे असं नाही. ‘अटक’ ही कायदेशीर कृती. अटक झालेल्या माणसाला कारण सांगावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच तसं लिहिलेलं आहे.

‘कैद’ला आजच्या मराठीत दोन घरं आहेत. एक शिक्षेचं : ‘सहा महिन्यांची कैद’. दुसरं इतिहासाचं : राजानं, सरदारानं, शत्रूनं धरून ठेवणं. आजच्या पोलिसांनी कोणाला ‘कैद केलं’ असं लिहिलं, तर मराठी वाचकाला ते एखाद्या बखरीतलं वाक्य वाटतं. उलट, संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर मोगलांच्या हाती पडलेले शाहू महाराज १७०७ पर्यंत ‘कैदेत’ होते असंच म्हणायचं. तिथे ‘अटकेत’ खटकतं.

आपल्या लष्कराशी जोडलेलं एक उदाहरण देतो. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती १८१० च्या सुमारास हे गाव वसलं. त्याच दौलतरावांच्या काळात, १७९७ च्या अखेरीस, पुण्यात नाना फडणीसांना दग्यानं धरलं आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. पुढच्या वर्षी ते सुटले. इथे ‘कैद केलं’ हाच शब्द योग्य, कारण त्यामागे न्यायालय नव्हतं, आरोप नव्हता. सत्तेची गरज होती.

कोर्टाच्या हिंदी कागदात ‘पुलिस रिमांड’ आणि ‘न्यायिक हिरासत’ असतं. मराठीत काय म्हणायचं?

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी. हे दोन शब्द पक्के लक्षात ठेवा, कारण घरच्या माणसाला धीर द्यायचा की वकिलाकडे धावायचं, हे त्यांवर ठरतं. पोलीस कोठडीत माणूस ठाण्याच्या कोठडीत असतो आणि तपास अधिकारी त्याची चौकशी करतात. तिची एकूण मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांपर्यंतच असू शकते. न्यायालयीन कोठडी म्हणजे रवानगी तुरुंगात. मराठी वर्तमानपत्रांचा ठरलेला शब्द हाच आहे : ‘न्यायालयीन कोठडीत रवानगी’. तिथून जामिनाचा मार्ग पुष्कळदा मोकळा होतो.

‘हिरासत’ मराठीत आणू नका. आपल्याकडचा जुना शब्द ‘हवालात’, पण तो आता मागे पडला आहे. ‘जेल’ मात्र मराठीत रुळला आहे. त्याला नाक मुरडायचं कारण नाही. ‘तुरुंग’ तरी मूळचा आपला कुठे? तो पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला असं सांगतात. ‘कैद’ अरबीतून आला. आपण ते सगळे मराठीत मुरवून घेतले.

तुरुंगात असलेला, पण खटल्याचा निकाल लागायचा आहे असा माणूस हिंदीत ‘विचाराधीन बंदी’. मराठी बोलीत तो ‘कच्चा कैदी’ आणि शिक्षा लागलेला तो ‘पक्का कैदी’. किती नेमके शब्द आहेत! सरकारी मराठीत ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात, तेही बरोबर.

‘डांबणे’ कधी वापरावं?

जबरदस्ती झाली आहे आणि ती तुम्हाला अमान्य आहे, तेव्हा. या शब्दात दाटीवाटी आहे. माणसाला माणूस न मानता एखाद्या जागेत कोंबून वरून कुलूप लावणं, हे सगळं ‘डांबणे’त येतं. ‘मजुरांना वीटभट्टीवर डांबून ठेवलं होतं’, ‘सुनेला खोलीत डांबलं’, ‘इंग्रज सरकारनं सत्याग्रहींना तुरुंगात डांबलं’. तिन्ही वाक्यांत लिहिणारा कोणाच्या बाजूचा आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणूनच अर्जात, फिर्यादीत किंवा भाषांतरात हा शब्द जपून वापरा. मूळ कागदात ‘निरुद्ध किया गया’ एवढंच असेल आणि तुम्ही ‘डांबलं’ लिहिलंत, तर तुम्ही नकळत एक आरोप जोडलात. पण अन्याय खरोखर झाला असेल, तर ‘ठेवण्यात आले’ अशा मऊ शब्दामागे तो लपवूही नका. मजुराला वीटभट्टीवर ‘ठेवण्यात आले’ म्हणणं हे त्या मजुराशी बेइमानी करणं आहे. या एका बाबतीत मी फार आग्रही आहे.

मग ‘कोंडणे’ आणि ‘डांबणे’ एकच ना?

नाही. कोंडणं घरात, अंगणात, गोठ्यातही होतं. मांजर कोंडलं, मुलगा चुकून न्हाणीघरात कोंडला गेला, भटकी गुरं कोंडवाड्यात घातली. त्यात दुष्टपणा असेलच असं नाही. शिवाय ‘कोंडणे’ मनापर्यंत पोचतं : श्वास कोंडतो, वाफ कोंडते, घरात नव्या सुनेचा कोंडमारा होतो. ‘डांबमारा’ असा शब्द मराठीनं केला नाही.

कायद्याच्या मराठीत यासाठी वेगळी जोडी आहे. कोणाची वाट अडवणं म्हणजे ‘गैरनिरोध’ आणि ठरावीक हद्दीबाहेर जाऊच न देणं म्हणजे ‘गैरपरिरोध’. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमं १२६ आणि १२७. जुन्या दंडसंहितेत ३३९ पासून पुढे होती. गैरपरिरोधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जितके दिवस जास्त कोंडलं, तितकी शिक्षा वाढते. ग्वाल्हेरच्या कागदांत तुम्हाला हिंदी ‘सदोष अवरोध’ आणि ‘सदोष परिरोध’ दिसेल. ‘सदोष’चं मराठी रूप इथे ‘गैर’ आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

नजरकैद, नजरबंद, स्थानबद्ध... यांत फार गोंधळ होतो.

होणारच, कारण हिंदीत ‘नज़रबंद’ म्हणजे आपली ‘नजरकैद’, आणि मराठीत ‘नजरबंदी’ म्हणजे जादूगाराची हातचलाखी, बघणाऱ्याचे डोळे बांधून टाकणारी. ‘नेत्याची नजरबंदी केली’ असं ग्वाल्हेरचं मराठी वाक्य पुण्याच्या वाचकाला भलतंच सांगून जाईल.

नजरकैद म्हणजे तुरुंग नाही, बेड्या नाहीत. राहतं घर आहे, नोकरचाकर आहेत, पण दारावर पहारा आहे आणि बाहेर पडायची मुभा नाही. आग्र्याला १६६६ च्या मे महिन्यात दरबारात गेलेले शिवाजी महाराज त्यानंतर नजरकैदेत होते आणि ऑगस्टमध्ये पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन निसटले. तिथे ‘तुरुंगातून सुटका’ असं लिहिलेलं अनेक निबंधांत सापडतं. ते चूक आहे.

स्थानबद्धता आणखी वेगळी. गुन्हा शाबीत झालेला नाही, कधी खटलाही नाही. हा माणूस पुढे काही करील म्हणून सरकार त्याला आधीच धरून ठेवतं. आणीबाणीत, २५ जून १९७५ पासून मार्च १९७७ पर्यंत, हेच मोठ्या प्रमाणावर झालं. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे तिहारमध्ये होत्या. याच गावात जन्मलेले अटलबिहारी वाजपेयीही स्थानबद्ध होते. मध्य प्रदेशात त्या काळी तुरुंगात राहिलेल्यांना ‘मीसाबंदी’ म्हणतात, १९७१ च्या मिसा (अंतर्गत सुरक्षा) कायद्यावरून. आपल्या गावाच्या आठवणी लिहिताना ‘मिसाबंदी’ शब्द जरूर ठेवा, तो इथल्या मातीतला आहे. फक्त महाराष्ट्रातल्या वाचकासाठी पहिल्यांदा ‘मिसाखाली स्थानबद्ध झालेले’ एवढं जोडा. नाहीतर त्याला वाटेल मिसावर बंदी आली होती.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर लेख लिहितो आहे. तिथल्या बंदिवासाबद्दल कोणते शब्द वापरू?

हा प्रश्न आला की मला मनापासून आनंद होतो, कारण मराठीतले बंदिवासाचे बहुतेक सगळे शब्द या एका किल्ल्यात उतरवता येतात.

मानसिंह तोमरांचा मानमंदिर महाल बाहेरून निळ्या फरशांचा, बदकांच्या रांगांचा, केळीच्या झाडांचा. आत अरुंद पायऱ्यांनी खाली उतरलं की दोन तळघरं लागतात; गोल, खांबांची, जेमतेम उजेडाची. उतरताना एका हाताने भिंत धरावी लागते आणि बोललेलं घुमतं. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून केलेल्या या जागा मोगल काळात राजबंद्यांच्या अंधारकोठड्या झाल्या. इथे ‘तुरुंग’ लिहू नका. तुरुंग हा अनेकांचा असतो, त्याला वॉर्डर असतात, नियम असतात. ‘अंधारकोठडी’, ‘बंदिखाना’, ‘कैदखाना’ यांपैकी काहीही चालेल.

औरंगजेबानं आपला भाऊ मुराद याला १६५८ मध्ये धरलं, पुढे इथे आणलं आणि १६६१ मध्ये त्याचा शिरच्छेद करवला. औरंगजेबाचा दुसरा भाऊ दारा शुकोह याचा मुलगा सुलेमान शुकोह इथेच १६६२ मध्ये मेला. अफूच्या बोंडांचं पाणी, पोस्त, रोज सकाळी पाजून कैद्याला हळूहळू निकामी करायची रीत बर्निये या फ्रेंच प्रवाशानं लिहून ठेवली आहे. या माणसांसाठी ‘बंदिवान’ शब्द वापरा. ‘कैदी’मध्ये गुन्ह्याची छाया आहे, ‘बंदिवान’मध्ये ती नाही. मुरादचा गुन्हा एवढाच की तो तख्ताचा वारस होऊ शकत होता.

याच किल्ल्यावर शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीरानं ठेवलं होतं. सुटका झाली तेव्हा त्यांनी आपल्यासोबत ५२ राजांनाही सोडवलं, अशी परंपरा आहे : जितके माझा अंगरखा धरून येतील तितके सुटतील, असं ठरलं म्हणून त्यांनी ५२ पदरांचा अंगरखा शिवून घेतला. तिथे आज गुरुद्वारा दाता बंदी छोड उभा आहे. हे नाव मराठीत भाषांतर न करता तसंच लिहा.

पण ‘बंदी’चा अर्थ मराठीत ‘मनाई’ ना?

दोन्ही आहेत आणि वाक्य ते ठरवतं. ‘दारूबंदी’, ‘प्रवेशबंदी’ यांत मनाई; ‘राजबंदी’, ‘महिला बंदी’ यांत माणूस. विभक्ती लावली की गोंधळ मिटतो : मनाई असेल तर ‘बंदीला विरोध’, माणसं असतील तर ‘बंद्यांना जेवण’. ‘बंदींना’ असं रूप लिहू नका.

याच ओघात एक सांगतो. घरचं माणूस बेकायदा धरून ठेवलं असेल, तर उच्च न्यायालयात करायच्या अर्जाला हिंदीत ‘बंदी प्रत्यक्षीकरण याचिका’ म्हणतात. ग्वाल्हेरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, त्यामुळे हा शब्द इथे रोज कानावर पडतो. मराठीत ‘हेबियस कॉर्पस’ किंवा ‘देहोपस्थिती’. धरलेला माणूस सदेह न्यायालयापुढे हजर करा, एवढाच त्याचा अर्थ.

‘सहा महिन्यांची शिक्षा’ म्हटलं की इथली मुलं हसतात.

कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शाळेच्या फाटकावर ‘शिक्षा विभाग’ वाचणाऱ्या मुलाला मराठीतली ‘शिक्षा’ समजावून द्यावीच लागते; हसू द्या, मग सांगा. हिंदीतली ‘सज़ा’ ती आपली शिक्षा, आणि त्यांची ‘शिक्षा’ ते आपलं शिक्षण.

शिक्षेचे प्रकार : ‘साधी कैद’, ‘सक्तमजुरी’ किंवा ‘सश्रम कारावास’, आणि ‘जन्मठेप’. हिंदी ‘आजीवन कारावास’चं ‘आजीवन कारावास’च ठेवलं तरी कळतं, पण जन्मठेप हाताशी असताना का ठेवावं?

‘मला खोट्या केसमध्ये फसवलं’ हे वाक्य बरोबर आहे का?

ग्वाल्हेरात सर्रास ऐकू येतं, पण मराठीत फसवणं म्हणजे ठकवणं. हिंदी ‘फँसाना’साठी ‘गोवणं’ किंवा ‘अडकवणं’ म्हणा : ‘मला खोट्या प्रकरणात गोवलं’. तसंच ‘त्याला जेलमध्ये बंद करून दिलं’ हे सरळ ‘बंद कर दिया’चं रूप. ‘तुरुंगात टाकलं’ म्हणा. ‘अंदर केलं’च्या जागी ‘आत टाकलं’.

अटक केली की अटक केले?

अटक स्त्रीलिंगी, म्हणून ‘त्याला अटक केली’, ‘तिला अटक झाली’. ‘तो अटक झाला’ अजिबात नको. ‘कैद’ही स्त्रीलिंगी (‘साधी कैद झाली’, ‘कैदेत’), पण ‘कैद करणे’ हे एक क्रियापद झालं, म्हणून ‘त्यांना कैद केले’ असं चालतं. ‘कैदमध्ये’ न लिहिता ‘कैदेत’ लिहा. लेखनाचं म्हणाल तर ‘तुरुंग’मध्ये दोन्ही उकार ऱ्हस्व, ‘बंदी’ दीर्घ, पण बंदिवान, बंदिवास, बंदिस्त यांत ऱ्हस्व.

जेरबंद आणि चतुर्भुज हे शब्द कुठून आले?

जेरबंद हा घोड्याच्या साजातला पट्टा. घोड्याला मान वर उडवू न देणारा. फारसीतून आला. आता तो जनावर आणि चोर दोघांनाही लागतो : ‘बिबट्या जेरबंद’, ‘टोळी जेरबंद’. पाठलाग आणि झटापट झाली असेल तर शोभतो. वयोवृद्ध आंदोलक जेरबंद होत नाहीत, त्यांना अटक होते. ‘चतुर्भुज होणे’ म्हणजे हातांत बेड्या पडणं, आणि लग्न होणंही. लग्नाच्या जेवणावळीत या शब्दाला फार मागणी असते. ‘मुसक्या बांधणे’ म्हणजे दंड पाठीमागे आवळणं. तो अजून वर्तमानपत्रांत जिवंत आहे.

‘घटना कॅमेऱ्यात कैद झाली’ लिहू का?

हिंदी बातम्यांतून आलेली सवय आहे. मराठीत घटना कॅमेऱ्यात ‘टिपली’ जाते. तसंच कुनोच्या चित्त्यांबद्दल. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आणलेल्या चित्त्यांना आधी ‘बाड़े’त ठेवलं होतं. मराठीत ‘कैदेत’ नको आणि ‘वाड्यात’ तर मुळीच नको. ‘कुंपण घातलेल्या आवारात’ पुरे.

‘अटकेपार झेंडे’मधली अटक हीच का?

नाही. ते सिंधू नदीवरचं अटक हे गाव, तिथला किल्ला. १७५८ मध्ये मराठी फौजा तिथवर पोचल्या. त्याचा पोलिसांशी संबंध नाही.

आणि सुटल्यावर काय म्हणायचं? ‘तो रिहा झाला’, ‘बरी झाला’...

‘बरी झाला’ तर मराठीत आजारातून उठल्यासारखं वाटतं, तेही चुकीच्या लिंगात. खटल्यात निर्दोष ठरला तर ‘निर्दोष मुक्तता झाली’. जामीन मिळाला तर ‘जामिनावर सुटला’. हे दोन्ही कधी एक करू नका, कारण जामिनावरच्या माणसाच्या डोक्यावर खटला तसाच असतो. शिक्षा पुरी करून आला तर ‘शिक्षा भोगून सुटला’. थोड्या दिवसांसाठी घरी आला असेल तर महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत पॅरोलला ‘अभिवचन रजा’ आणि फर्लोला ‘संचित रजा’ म्हणतात, पण घरात ‘पॅरोलवर आलाय’ म्हटलं तरी सगळ्यांना समजतं. ओलिसांची ‘सुटका’ होते. आणि कोंडलेल्या मांजराला आपण नुसतं ‘सोडतो’.